‘ना’चा खण

१

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता ‘ना’चा खण उघडला, तेव्हा तो रिकामा होता.

शनिवारी संध्याकाळी त्यात चारशे बारा चिठ्ठ्या होत्या. कोशकार्यालयाच्या लांब भिंतीला लागून छतापर्यंत गेलेलं एक कपाट आहे, त्याला असे सहाशे खण. एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या एकेका खणात उभ्या लावलेल्या, आणि त्यांच्या खालच्या भोकांतून एक पितळी सळई आरपार घातलेली. खण हातातून निसटला तरी चिठ्ठ्या सांडू नयेत म्हणून ही सोय. सळई काढायची तर मागचा स्क्रू नऊ वेळा फिरवावा लागतो. ‘ना’च्या खणातली सळई जागच्या जागी होती, स्क्रू घट्ट होता. चिठ्ठ्या तेवढ्या नव्हत्या.

बाहेर झालेला गलका कानावर आला तेव्हा कागदबाई मागच्या खोलीत आपल्या कोरड्या पेटीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. खरं नाव कुणी घेत नसे. रसायनशास्त्र शिकलेल्या, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. कार्यालयातल्या जुन्या पुस्तकांना ओल आणि कीड लागू नये म्हणून आठवड्यातले काही दिवस यायच्या. ओल लागलेली पुस्तकं त्या रबरी काठाच्या पत्र्याच्या पेटीत घालून पंधरा-पंधरा दिवस बंद ठेवायच्या. पेटीच्या झाकणाला एक छोटी काच होती आणि काचेमागे ओल शोषणारे मणी. कोरडे असले की निळे, ओल प्यायले की गुलाबी. गुरुवारीच त्यांनी नवे निळे मणी घातले होते. आज ते गुलाबी दिसत होते.

“रबर गेलं वाटतं,” असं पुटपुटून त्यांनी वहीत नोंद केली आणि बाहेर आल्या.

कपाटासमोर चौघं उभी होती. सहसंपादक हातातली किल्ली उगाचच फिरवत होते. दारावरचे काका घाम पुसत होते. मावशी भिंतीला टेकल्या होत्या. आणि मुख्य संपादक अण्णा रिकाम्या खणात हात घालून चाचपत होते, अंधारात चष्मा शोधावा तसे.

चाळीस वर्षांपूर्वी अण्णांनी या कोशाची पहिली चिठ्ठी लिहिली, ती ‘ना’चीच. हा खंड ‘ना’ला संपायचा होता. शुक्रवारी तो छापखान्यात जायचा होता, आणि त्यानंतर अण्णा घरी बसणार होते.

कोशमंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. पोलीस नकोत, बोभाटा नको, कागदाचं बाईंना कळतं तर त्यांनीच बघावं. “शुक्रवारपर्यंत सापडल्या तर ठीक. नाही सापडल्या तर खंड ‘ना’ वगळून जाईल. छापखाना काही आपल्यासाठी थांबणार नाही.”

कागदबाईंनी फोन ठेवला आणि वळून पाहिलं. अण्णांचा हात अजून खणातच होता.

२

“तुमचं अण्णांशी भांडण झालं होतं म्हणे.”

“कुठलं?” सहसंपादक म्हणाले. “वीस वर्षांत दोनशे तरी झाली असतील. नेमकं विचारा, नेमकं उत्तर देतो.”

“शेवटचं.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, एवढासा शब्द. एक अक्षर आणि एक काना. आपल्याकडे नकार. रशियन माणूस वस्तू पुढे करून ‘ना’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘घे’. कोरियनमध्ये ‘ना’ म्हणजे मी. जपानीत नाव, वेगळ्या चिन्हानं लिहिलं तर पालेभाजी. स्वाहिलीत ‘आणि’, ‘सोबत’सुद्धा तोच.”

“आणि हे सगळे एकाच मुळाचे?”

“तीच तर गंमत. अजिबात नाहीत. एका बाकावर सारख्या आडनावाची पाच माणसं शेजारी येऊन बसली म्हणून भावंडं होत नाहीत. प्रत्येकाचं घराणं वेगळं दाखवायचं, हा अण्णांचा हट्ट. तो मला मान्य आहे. भांडण झालं ते आपल्याच दुसऱ्या ‘ना’वरून. ‘आलास ना?’ मधला. अण्णांचं मत, तो नकारातूनच निघाला. ‘आलास की ना?’ असं विचारता विचारता झिजला, आणि आता ‘हो’ ऐकण्यासाठी थांबून राहतो.”

“सुंदर आहे की.”

“सुंदर आहे, पण दाखले कुठायत? लोक तो दिवसातून शंभरदा बोलतात आणि पुस्तकात लिहिताना गाळतात. मी म्हटलं, दोन ओळींत आटपा. ते म्हणाले, पूर्ण स्तंभ हवा, दाखले मी आणतो. आणि आणायला लागले. सहा महिने त्यांच्या निळ्या चिठ्ठ्या खणात पडत होत्या.”

“तुम्ही वाचल्या?”

“मी कशाला वाचू? इथे ज्याचं त्याचं काम ठरलेलं आहे. अण्णांच्या चिठ्ठ्या मावशी तपासतात. मला त्या एकदम सोमवारी दिसल्या असत्या, कोपरे मोजताना.” त्यांनी चष्मा परत लावला. “म्हणजे आज.”

“कोपरे?”

“तुम्ही इतकी वर्षं येताय आणि कोपरे माहीत नाहीत?” पहिल्यांदाच ते थोडं हसले. “चिठ्ठी एकानं लिहायची. दुसऱ्यानं मूळ पुस्तक काढून दाखला डोळ्यांनी बघायचा, आणि पटला तरच चिठ्ठीचा खालचा कोपरा कात्रीनं कापायचा. आपल्याच चिठ्ठीचा कोपरा आपण कापायचा नाही. कापलेले कोपरे शब्दाच्या डब्यात टाकायचे. शब्द छापायला जायच्या आधी कोपरे मोजायचे. जितक्या चिठ्ठ्या तितके कोपरे, तरच शब्द बंद.”

“तो डबा कुठे आहे?”

“माझ्या कपाटात, कुलपात. आता त्याचा काय उपयोग? चिठ्ठ्याच नाहीत, तर कोपरे जुळवणार कशाशी?”

३

दारावरच्या काकांना कुणीतरी आपल्यावर संशय घेतंय याचंच अर्धं दुःख होतं.

“बाई, तीस वर्षांत एक चिठ्ठी या उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. अण्णांचाच नियम. मी अण्णांची पण पिशवी बघतो. एकदा अध्यक्षांचे खिसे बघितले होते, विचारा त्यांना.”

“विचारलं तर चिडतील.”

“तेव्हाही चिडलेच होते.”

शनिवारी सहसंपादक पाचला गेले, दोन पुस्तकं दाखवून. अण्णा आणि मावशी रोज सहाला निघत, त्या दिवशी साडेसहा झाले. अण्णांच्या हातात काही नव्हतं. मावशींकडे डबा आणि छत्री.

“डबा उघडून बघितला?”

“रोज बघतो. मावशी रोज म्हणतात, ‘काका, उरलेल्या भाजीत काय शब्द सापडतात का बघा.’ शनिवारी काही बोलल्या नाहीत. म्हटलं दमल्या असतील.”

चारशे बारा चिठ्ठ्या म्हणजे जाडजूड विटेएवढा गठ्ठा. तो डब्यात मावत नाही, छत्रीत लपत नाही. खिडक्यांना गज आणि बाहेरून जाळी. रविवारी कुलूप तसंच. म्हणजे चिठ्ठ्या इमारतीबाहेर गेलेल्या नव्हत्या. पण सोमवारी सगळ्यांनी मिळून कपाटं, माळा, रद्दीची पोती, न्हाणीघरसुद्धा उलटंपालटं केलं होतं, आणि हाती काही लागलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी अण्णा आले, कोट काढून खुंटीला लावला आणि नेहमीप्रमाणे कपाटाकडे गेले.

“अहो,” ते वळून म्हणाले, “हा ‘ना’चा खण रिकामा कसा?”

काल ते तासभर त्याच खणापाशी उभे होते.

मावशी झटकन पुढे झाल्या. “भाऊजी, पुरे झाली चेष्टा. चला, चहा घ्या आधी.” आणि इतरांकडे वळून, ओठांवर हसू आणून म्हणाल्या, “यांना सकाळी सकाळी काहीतरी सुचतं.”

सहसंपादक नाइलाजानं हसले. कागदबाई हसल्या नाहीत. त्या मावशींच्या हाताकडे बघत होत्या. त्याच कपात त्यांनी दुसऱ्यांदा साखर घातली.

४

मावशी ही कार्यालयाची मावशी नव्हे, अण्णांच्या मुलीची मावशी. पण मुलगी लहानपणी इथे यायची आणि हाक मारायची, ती हाक सगळ्यांनी उचलली. अण्णांची बायको थोरली, या धाकट्या. थोरली नऊ वर्षांपूर्वी गेली. तिच्या आजारपणात धाकटी घर सांभाळायला आली, ती तिथेच राहिली. कार्यालयात मात्र त्या तीस वर्षं होत्या, आणि तेव्हापासून अण्णांच्या निळ्या चिठ्ठ्यांना त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नव्हती.

“शनिवारी उशीर का झाला?”

“भाऊजींचा चष्मा सापडेना.”

“कुठे सापडला?”

“कपाळावर.” मावशी खाली बघून म्हणाल्या.

“अण्णा विसरायला लागलेत का, मावशी?”

“सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस आहे, बाई. तुम्ही चावी कुठे ठेवता ते रोज आठवतं का तुम्हाला?”

“नाही आठवत.” कागदबाई म्हणाल्या. “त्यांच्या शेवटच्या चिठ्ठ्या कशा होत्या?”

“कशा म्हणजे? चिठ्ठ्यांसारख्या.”

“कुठल्या पुस्तकातल्या?”

मावशींनी टेबलावरची कात्री उचलली, दोन्ही पाती पदरानं पुसली आणि परत ठेवली. ती स्वच्छच होती.

“बाई, एक विचारू? एखाद्यानं चाळीस वर्षं अचूक काम केलं, आणि शेवटी शेवटी एका ठिकाणी चुकला, तर लोक काय लक्षात ठेवतात?”

“कोण चुकलं?”

“मी आपलं असंच विचारलं,” मावशी म्हणाल्या, आणि उठून अण्णांना गोळी द्यायला गेल्या.

कागदबाई टेबलापाशी एकट्या उरल्या. कात्रीशेजारी निळ्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. वरच्या चिठ्ठीवर पेनानं काही लिहिलेलं नव्हतं, पण वरच्या पानाचा दाब खाली उमटलेला होता. त्यांनी ती उजेडाकडे तिरपी धरली. एकच शब्द वाचता आला.

‘थोरली.’

५

बुधवारी त्यांनी सहसंपादकांकडून डबा मागून घेतला आणि प्रयोगशाळेतला लहान तराजू आणला.

कोपरे तीन रंगांचे होते. अण्णांचे निळे, सहसंपादकांचे पिवळे, बाकी जुन्या वाचकांचे पांढरे. निळे कोपरे इतके सारखे कापलेले होते की त्यांनी वीस मोजून तोलले, मग सगळे तोलले, आणि भागाकार केला. आकडा आला एकशे त्रेपन्न. खात्रीसाठी हातानं मोजले. एकशे त्रेपन्न.

“चिठ्ठ्यांची क्रमांकवही कुठे असते?” त्यांनी विचारलं.

सहसंपादकांनी वही दिली. प्रत्येक चिठ्ठी लिहिताना वहीतून क्रमांक घ्यायचा आणि समोर लिहिणाऱ्याची सही करायची. ‘ना’च्या नावावर चारशे बारा क्रमांक. पिवळ्या आणि पांढऱ्या मिळून एकशे अठ्ठ्याण्णव, कोपरेही तितकेच. अण्णांच्या चिठ्ठ्या दोनशे चौदा.

“एकसष्ट कोपरे कमी आहेत,” कागदबाई म्हणाल्या. “सगळे निळे.”

सहसंपादकांनी वही ओढून घेतली, बेरीज केली, पुन्हा केली. “मावशींनी तपासल्या नाहीत? मावशींनी? त्या अंगात ताप असतानाही इथे येऊन पुस्तकं काढून—” त्यांनी वही मिटली. “हे उघडकीला येईल म्हणून त्यांनी खण रिकामा केला?”

“तसं दिसतं.”

“पण मग एकसष्टच काढायच्या. चारशे बारा कशाला?”

“एकसष्ट काढल्या असत्या तर तुम्ही क्रमांक बघून विचारलं असतं, या निळ्याच नेमक्या कशा गेल्या. बोट सरळ अण्णांकडे गेलं असतं. सगळ्या गेल्या की चोरी दिसते.”

“कामचुकारपणा लपवायला एवढं?”

कागदबाईंनी तो निळा ढीग पुढे ओढला. कामचुकार माणूस काय करतो? चिठ्ठ्या एकावर एक ठेवतो आणि कात्री चालवतो. एकसष्ट कोपरे कापायला पाच मिनिटं पुरतात. कुणाला कधी कळलं नसतं. चोरीही करावी लागली नसती. मावशींच्या हातात कात्री होती, सहा महिने होते, आणि त्यांनी एकही कोपरा कापला नव्हता.

“त्यांना खोटा कोपरा कापता आला नाही,” त्या म्हणाल्या. “मग त्यांना नियम मोडून चिठ्ठ्या बाहेरही नेता आल्या नसतील, आणि फाडता तर मुळीच आल्या नसतील. असं माणूस चोरीसुद्धा नियमानं करतं. म्हणजे चिठ्ठ्या इथेच आहेत. ओल लागणार नाही, कीड लागणार नाही, आणि आम्ही सगळे शोधताना जिथे बघणार नाही, अशा जागी—”

गुरुवारी निळे असलेले मणी सोमवारी गुलाबी होते. नुसतं झाकण उघडलं म्हणून मणी इतके बदलत नाहीत. हवेतली ओल धरून असलेला कागद, चांगला विटेएवढा, आत ठेवला तर बदलतात.

सोमवारी इमारत शोधताना ती एकच पेटी कुणी उघडली नव्हती. कागदबाईंनी स्वतः सांगितलं होतं, “तिला हात लावू नका, आत औषधाला ठेवलेली पुस्तकं आहेत.”

६

गुरुवारी दुपारी, अण्णा आरामखुर्चीत डोळा लागून पडले असताना, त्या मावशींना मागच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लोटलं. मावशी पेटीकडे बघून जागच्या जागी थांबल्या.

“तुम्ही उघडू, की मी?” कागदबाईंनी विचारलं.

मावशींनी पुढे होऊन चारही खिट्ट्या काढल्या. पुस्तकांच्या खाली, धुतलेल्या मलमलीत गुंडाळलेला गठ्ठा होता. क्रमानं लावलेला, नाडीनं बांधलेला. शेवटच्या एकसष्ट चिठ्ठ्यांना चारही कोपरे होते.

कागदबाईंनी पहिली वाचली. अण्णांचं अक्षर, टाक झिजल्यासारखं थोडं कललेलं, पण स्वच्छ.

‘दार लावलंत ना? — थोरली. जिन्यावरून. आज सकाळी.’

दुसरी. ‘मीठ बेताचं झालंय ना? — थोरली. स्वयंपाकघर. आज.’

तिसरी. ‘धाकटीला चिडवू नका ना. — थोरली. आज दुपारी. (आर्जव.)’

त्यांनी पुढची वाचली नाही.

“पहिली आली तेव्हा वाटलं, चुकून लिहिलं,” मावशी म्हणाल्या. “मग दुसरी. मग रोज. दाखला मिळाला म्हणून इतके खुश असायचे. मला म्हणायचे, ‘धाकटे, पुस्तकात कुठे शोधत बसलो होतो मी? घरात हा शब्द नुसता सांडलाय.’ मी काय सांगू? ती जाऊन नऊ वर्षं झाली, हे मी त्यांना किती वेळा सांगायचं? सांगितलं की त्यांना ते पहिल्यांदाच कळतं, बाई. दर वेळी पहिल्यांदा.”

कागदबाईंनी तिसरी चिठ्ठी गठ्ठ्यावर परत ठेवली.

“या चिठ्ठ्या सोमवारी सगळ्यांनी वाचल्या असत्या. मेलेली बाई आज सकाळी बोलली म्हणून लिहिणारा माणूस. मग कुणीतरी विचारणारच, याच्या बाकीच्या चिठ्ठ्या तरी खऱ्या कशावरून? चाळीस वर्षं पाण्यात. म्हटलं, ‘ना’ गेला तर जाऊ दे. ते राहिले पाहिजेत.”

“आणि कोपरे कापून टाकायचे मनात नाही आलं?”

“आलं की. कात्री घेऊन बसलेसुद्धा.” मावशींनी डोळे पुसले. “पण कोपरा कापायचा म्हणजे मी बघितलंय असं म्हणायचं. आज सकाळी ती बोलताना मी कशी बघणार?”

बाहेर आरामखुर्ची करकरली. कागदबाईंनी आवाज खाली आणला.

“मावशी, हे वाक्य,” कागदबाईंनी तिसऱ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, “थोरलीबाई खरंच बोलल्या होत्या?”

“पुष्कळदा. भाऊजी माझ्या घोरण्यावरून चिडवायचे. मी समोरच असायचे.”

“तुम्ही ऐकलंय.”

“ऐकलंय म्हणजे काय, माझ्यावरूनच तर—”

“बोलीतला दाखला घ्यायचा असेल तर इथे काय नियम आहे?”

मावशींनी तो नियम पाठ म्हटल्यासारखा सावकाश म्हटला. तो अण्णांनीच केला होता. “ऐकलेलं दुसरं माणूस हवं. त्यानं केव्हा ऐकलं ते लिहून सही करायची.”

“वाक्य खरं आहे. चुकलीय ती तारीख,” कागदबाई म्हणाल्या. “आमच्याकडे प्रयोगवहीत नोंद चुकली तर ती खोडून काळी करत नाहीत. एक रेघ मारतात, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर लिहितात आणि सही करतात. चूक झाली होती हेही दिसतं, आणि दुरुस्त झाली हेही. आणि मावशी, बाकीच्या तीनशे एक्कावन्न चिठ्ठ्यांना कोपरे नाहीत. त्या सगळ्या दुसऱ्या डोळ्यांनी बघून झाल्यात. एका माणसाच्या डोक्याला काही झालं तरी काम वाचावं, म्हणूनच तर अण्णांनी कोपऱ्याची रीत घातली असेल. त्यांचं काम त्यांनीच वाचवून ठेवलंय.”

मावशी पेटीच्या काठावर बसल्या. काचेमागचे मणी त्यांच्या पाठीशी गुलाबी दिसत होते.

७

सहसंपादकांना सांगावंच लागलं. त्यांनी एकसष्ट चिठ्ठ्या उभ्या उभ्या वाचल्या, मग खाली बसून पुन्हा वाचल्या.

“मी दोन ओळी म्हटलं होतं,” ते शेवटी म्हणाले.

“मग?”

“पूर्ण स्तंभ देऊ.” आणि खिडकीकडे तोंड करून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

अध्यक्षांना कळवण्यात आलं की चिठ्ठ्या ओलीपासून जपण्यासाठी कोरड्या पेटीत ठेवलेल्या सापडल्या. हे खोटं नव्हतं, अपुरं होतं. कागदबाईंना अपुरं लिहायची सवय नव्हती. त्यांनी तेवढं एकदा केलं.

शुक्रवारी सकाळपासून मावशी अण्णांच्या टेबलापाशी बसल्या. एकेक चिठ्ठी पुढे धरायची.

“ही कधीची, भाऊजी?”

“आजची.”

“आजची नव्हे. बारा वर्षं झाली. मी भांडी विसळत होते, तुम्ही दारात होता.”

अण्णा चिठ्ठीकडे बघायचे, मग मावशींकडे. “तू होतीस?”

“होते.”

“मग लिही तसं. सही कर.”

एक रेघ, एक साल, एक सही, आणि कात्रीचा आवाज. निळे कोपरे डब्यात पडत होते. थोरली कुठे आहे, हे अण्णांनी त्या दिवशी विचारलं नाही. तिची वाक्यं मात्र त्यांनी सगळी ऐकली, मान हलवत, मध्येच हसत, तपासनीस प्रत ऐकतो तशी.

चारला छापखान्याचा माणूस यायचा होता. साडेतीनला साठ झाल्या. एकसष्टावी मावशींनी हातात धरली आणि कात्री खाली ठेवली.

‘ऐकताय ना? — थोरली. दवाखाना. आज पहाटे.’

“हिचा कोपरा का नाही कापलास?” अण्णांनी विचारलं.

“मी नव्हते तेव्हा, भाऊजी. घरी आंघोळीला गेले होते. तुम्ही दोघंच होता.”

अण्णांनी चिठ्ठी हातात घेतली. त्या वेळी त्यांना सगळं ठाऊक होतं, असं कागदबाईंना वाटलं. कारण त्यांनी पेन उचललं, ‘आज’वर आपल्या हातानं एक सरळ रेघ मारली, आणि शेजारी नऊ वर्षांपूर्वीचं साल लिहिलं.

“बरोबर,” ते म्हणाले. “दुसरं कुणी नव्हतं. मग नाही कापायचा.”

शब्द बंद होताना कोपरा न कापलेली चिठ्ठी खणात परत जात नाही. अण्णांनी ती दुमडली नाही. तशीच सदऱ्याच्या खिशात ठेवली. चारशे अकरा चिठ्ठ्या, चारशे अकरा कोपरे. सहसंपादकांनी क्रमांकवहीत एक क्रमांक रद्द केला आणि ‘ना’ बंद झाला. छापखान्याचा माणूस खंडाची हस्तलिखित प्रत घेऊन गेला.

साडेपाचला अण्णा कोट घालून निघाले. मागे मावशी, त्यांच्या मागे कागदबाई. दारात काकांनी मावशींचा डबा उघडून बघितला, अण्णांची पिशवी बघितली. मग त्यांची नजर सदऱ्याच्या खिशावर गेली. निळं टोक चांगलं बोटभर वर आलं होतं. तीस वर्षांत एक चिठ्ठी बाहेर गेली नव्हती.

काकांनी खिशाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि दाराची दुसरी फळीही उघडली.

“सावकाश जा, अण्णा,” ते म्हणाले. आजचा त्यांचा शेवटचा दिवस, हे सवयीच्या भरात त्यांच्या लक्षात राहिलं नाही. “सोमवारी येताय ना?”

अण्णा उंबऱ्यावर थांबले. मागे वळले.

“काय म्हणालात?”

“सोमवारी... येताय ना, म्हटलं.” काकांचा आवाज खाली गेला. आता त्यांना आठवलं होतं.

अण्णांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कोरी निळी चिठ्ठी काढली. दाराच्या फळीवर ती टेकवून, उभ्या उभ्या, काळजीपूर्वक लिहिली. वाक्य लिहिलं. मग ‘काका. दारात.’ मग तारीख. पेन तारखेपाशी थांबलं.

“आज,” मावशी हळूच म्हणाल्या. “आजच, भाऊजी.”

त्यांनी ‘आज’ लिहिलं, आणि चिठ्ठी पुढे धरली. मावशींनी कमरेला खोचलेली कात्री काढली. पण स्वतः चिठ्ठीला लावली नाही. त्यांनी ती मुठीकडून उलटी फिरवून कागदबाईंच्या हातात दिली.

“तुम्हीही ऐकलंत ना?” त्यांनी विचारलं.

कागदबाईंच्या घरी कुणी नव्हतं. संध्याकाळी दार लावलं का, जेवलीस का, असं विचारणारं कुणी नसे. कात्री त्यांच्या हातात जड वाटली.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या, आणि कोपरा कापला.